चौकोनाला दार

लोकांच्या ऑफिसात किस्से चहाच्या टपरीवर जमतात. आमच्याकडे ते रक्ताच्या नळ्यांबरोबर यायचे. नळ्या बर्फाच्या डब्यातून मुंबईला रवाना व्हायच्या, किस्से मात्र डहाणूतच राहायचे. २०१४ ते २०१९ या काळात ते इतके साठले की मैत्रिणी भेटल्या की आधीच बजावतात, वैशाली, ते कॅन्सरचं काही सांगू नकोस, काहीतरी गमतीचं सांग. आता त्यांना कसं समजावू की माझ्याकडे गमतीचं जे काही आहे ते सगळं तिथलंच आहे!

काम काय होतं ते आधी सांगते. मोठ्या आतड्याचा कॅन्सर काही घरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या येतो. शरीरात पेशींच्या नकला होताना चुका होतात आणि त्या दुरुस्त करायला काही जीन असतात, प्रूफं तपासणाऱ्या माणसासारखे. हा तपासणाराच बिघडला की चुका साठत जातात. अशा घरांमधल्या माणसांत या जीनमध्ये कुठकुठले बदल आहेत, याची आम्ही नोंद करत होतो. प्रत्येक बदलापुढे तीनपैकी एक शेरा यायचा: घातक, निरुपद्रवी किंवा ‘सांगता येत नाही’. तिसरा शेरा सगळ्यात जास्त लागायचा, आणि झोप उडवायचा तोच.

आम्ही तिघंच होतो. देवयानी मॅडम डॉक्टर, मुंबईहून येऊन डहाणूत भाड्याने राहिलेल्या. हरिश्चंद्र उधव्याचा, रक्त काढायचा आणि जीपही चालवायचा. आणि मी, अर्धा वेळ कॉम्प्युटरसमोर आणि अर्धा वेळ लोकांच्या ओट्यावर. एका ट्रस्टच्या दवाखान्यात वरच्या मजल्यावर आमची एक खोली होती. तिचा पंखा फिरायचा, पण वारा लागायचा नाही.

* * *

सुरुवातीलाच हरिश्चंद्र आम्हाला आपल्या पाड्यावर घेऊन गेला. तिथे आजारी कोणी नव्हतं, पण तुलनेसाठी निरोगी माणसांचंही रक्त लागतं. मॅडमनी हे समजावलं, मी समजावलं, मग हरिश्चंद्रने त्यांच्या बोलीत तेच पुन्हा सांगितलं. त्याचे काका खाटेवर बसून शांतपणे ऐकत होते. सगळ्यांचं बोलून झाल्यावर ते म्हणाले, “आजारी माणसाचं रक्त दवाखाना घेतो. बऱ्या माणसाचं तुम्ही घेणार. मग सोडणार कोणाला?”

हरिश्चंद्रने बाही वर केली आणि म्हणाला, पहिलं माझं घ्या. ते बघून काकांनीही हात पुढे केला.

पुढे रिपोर्ट येईपर्यंत हरिश्चंद्र रोज सकाळी जीपची किल्ली घ्यायला यायचा आणि किल्ली न घेता नुसताच उभा राहायचा. शेवटी रिपोर्ट आला. घातक काही नव्हतं. मॅडम खुशीत येऊन म्हणाल्या की तुझ्यात तीन-चार बदल आहेत, पण तसे सगळ्यांतच असतात, अगदी माझ्यातही आहेत.

हरिश्चंद्रचा चेहरा पडला. “घातक नाही एवढंच सांगायचं ना मॅडम,” तो म्हणाला. “बाकीचे कशाला दाखवलेत?”

त्या दिवसापासून मॅडम रिपोर्ट सांगताना एका वाक्यात थांबायच्या. आणि मी मात्र माझं रक्त कधीच दिलं नाही. कारण विचारू नका.

* * *

वरोरच्या नलूकाकीचं घर आमच्याकडे आलं ते तिच्या थोरल्या मुलामुळे. चिकूची वाडी, भाताची खाचरं, गावात मान असलेलं घर. थोरला विलास चाळिशीच्या आत आतड्याच्या कॅन्सरने गेला. त्याचा नमुना मुंबईत ठेवलेला होता. त्यात एक बदल सापडला, जो त्याआधी कुणीच कुठे नोंदवलेला नव्हता. शेरा अर्थातच ‘सांगता येत नाही’.

मागे दोन भाऊ राहिले होते, मधला सुभाष आणि धाकटा मंगेश. बदल घातक असला आणि तो या दोघांपैकी कोणात असला, तर त्याची दर वर्षी दुर्बिणीने तपासणी व्हायला हवी होती. गाठ वेळेवर सापडली तर ती तिथल्या तिथे काढता येते आणि माणूस वाचतो. म्हणजे सगळं त्या एका शेऱ्यावर अडलं होतं.

पहिलं काम वंशवेल काढायचं. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. आजारी असेल तर आतून काळा भरायचा. बदल आहे पण आजार नाही, तर मधोमध एक ठिपका द्यायचा. माणूस गेलेलं असेल तर त्यावर तिरपी रेघ. नलूकाकी ओट्यावर वाल सोलत बसली होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, तेव्हापासून कपाळ मोकळं. तोही पोट फुगून गेला, पण कागद एकही नव्हता. “या घराचं पोटच वाईट,” काकी म्हणाली, आणि सासरा, चुलत सासरा, आतेसासू यांच्या पोटांबद्दल सगळं सांगून टाकलं. मॅडमनी माहेरचं विचारलं. माहेरचे सगळे धडधाकट, असं म्हणून तिने वालाची सालं सुपात झटकली.

मी विलासचा चौकोन काळा केला आणि त्यावर रेघ ओढली. काकीचा हात थांबला.

“त्याला काट मारलीस?”

मी गडबडले. अशी पद्धत असते, जगात सगळीकडे असंच काढतात, वगैरे बोलत राहिले. काकीने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि चौकोनाच्या खालच्या रेघेवर एक छोटं दार काढलं. “घर आहे ना ते? मग दार हवं. त्याचं येणंजाणं राहू दे.”

ते मला खोडवेना. कागद तसाच मुंबईला गेला. पुढच्या मीटिंगमध्ये आमच्या मोठ्या सरांनी चष्मा वर करून विचारलं, ही खूण कुठल्या गाइडलाइनमधली? मॅडम न हसता म्हणाल्या, “वरोरच्या.” सरांनी चष्मा परत खाली घेतला. पण तिकडून वंशवेलीची टाइप केलेली प्रत आली, तिच्यात ते दार जसंच्या तसं होतं!

* * *

मग रक्त घ्यायचं ठरलं. काकीच्या ओट्यावरच सगळ्यांना बोलावलं. सुभाष, मंगेश, चुलत भाऊ, पुतणे. हरिश्चंद्र एकेकाचं नाव विचारून नळीवर लिहीत होता, मी पोह्यांच्या बशा सांभाळत होते आणि मॅडम प्रत्येकाला धीर देत होत्या. काकीचंही घ्यायचं होतं, पण ती म्हणाली, मी बाहेरून आलेली, माझ्या रक्ताचं तुम्हाला काय काम. सगळे हसले आणि तो विषय तिथेच राहिला.

काही आठवड्यांनी मुंबईच्या लॅबमधून फोन आला. पलीकडची मुलगी फार वैतागलेली होती. सुभाष आणि मंगेश हे जुळे आहेत का? नाहीत. मग तुमच्याकडे नळ्यांचा घोळ झालाय, दोन्ही नळ्यांत रक्त एकाच माणसाचं आहे.

हरिश्चंद्रचं तोंड पांढरंफटक पडलं. त्याने एवढ्या वर्षांत एक नळी चुकवलेली नव्हती. जीप काढून आम्ही थेट वरोरला गेलो. सुभाष वाडीत चिकू उतरवत होता. विचारल्यावर तो अगदी सहज म्हणाला, हो, मंगेशची त्या दिवशी वापीला कंपनीत शिफ्ट होती, मग त्याचंही मीच दिलं. शर्ट बदलून पुन्हा रांगेत बसलो, तुमच्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून.

त्याचं काही चुकलं असं त्याला वाटतच नव्हतं. गावकीच्या कामाला घरातून प्रत्येक भावाने जायचं असतं. एक भाऊ नसला की दुसरा त्याच्या वाट्याचं काम करून येतो, आणि कोणी काही म्हणत नाही. मॅडमनी डोक्याला हात लावला आणि म्हणाल्या, अहो, पण दोन्ही वेळा तुमचंच रक्त दिलंत!

सुभाष दुखावला. “असं कसं? माझं उजव्या हातातून दिलं आणि त्याचं डाव्या.”

परतताना जीपमध्ये आम्ही खूप हसलो. मग एका वळणावर हरिश्चंद्रने एकदम जीप बाजूला घेतली. सुभाषमध्ये बदल नव्हता. म्हणजे मंगेशच्या नावाचा जो ‘नाही’ असा निकाल आम्ही पाठवणार होतो, तो मंगेशचा नव्हताच. लॅबमधल्या त्या चिडक्या मुलीने फोन केला नसता तर तपासणीची गरज नाही म्हणून आम्ही त्याला घरी बसवलं असतं.

* * *

मंगेश रविवारी स्वतः आला. त्याने हरिश्चंद्रला ओळखपत्र दाखवून रक्त दिलं. त्याच्यात बदल निघाला.

‘आहे, पण घातक आहे का ते सांगता येत नाही’, हे वाक्य माणसाला कसं सांगायचं, याचं ट्रेनिंग आम्हाला मुंबईत दिलं होतं. त्यात माणसाने कसं ऐकायचं हे नव्हतं. मंगेश टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला. मग म्हणाला, “मॅडम, झाडावरचा चिकू तयार झालाय की नाही, नुसता बघून कळत नाही. आम्ही नखाने जरा खरवडतो. आत हिरवं दिसलं तर राहू देतो, पिवळं दिसलं तर काढतो. तुम्हाला रक्तात बघून कळत नाही ना, मग खरवडून बघा की.”

मॅडमना असा हुशार पेशंट कधी मिळाला नव्हता. त्या पुढे सरकून म्हणाल्या, अगदी तेच मी सुचवणार होते, आपण दुर्बीण घालून आतून बघू या.

“कुठून घालणार?” मंगेशने विचारलं.

मॅडमनी सांगितलं. चिकूचा विषय तिथेच संपला आणि पुढचे कित्येक महिने मंगेशने आमचा फोन उचलला नाही.

शेवटी त्याला तयार केलं ते नलूकाकीने. ती आमच्या खोलीत आली, वंशवेलीचा कागद मागितला, मंगेशच्या चौकोनावर बोट ठेवलं आणि मला म्हणाली, “याला दार काढायची वेळ आणू नका गो.” मी त्या दिवशी जेवले नाही.

* * *

दुर्बिणीचे डॉक्टर महिन्यातून एकदा बाहेरून डहाणूला यायचे. आदल्या दिवशी दवाखान्यात राहायला या, असं आम्ही मंगेशला सांगितलं होतं, पण त्याला रजा मिळाली नाही. त्यामुळे पोट साफ करायचं ते औषध त्याने पहाटे वरोरला घरीच घेतलं. चांगला मोठा जग भरून. हरिश्चंद्र जीप घेऊन त्याला आणायला गेला आणि मी सोबत होते. मंगेश पुढच्या सीटवर ताठ बसला होता.

वाढवणला पोचलो तर रस्ता बंद! तिथे होऊ घातलेल्या बंदराविरुद्ध रास्ता रोको होता. बायका रस्त्यात ठिय्या देऊन बसलेल्या, पुरुष झेंडे घेऊन उभे. एकही गाडी सोडायची नाही असं ठरलेलं. हरिश्चंद्रने गयावया केली, पेशंट आहे म्हणून सांगितलं. एक तरुण नेता जीपमध्ये डोकावला. मंगेश गोरा, तगडा, इस्त्रीच्या शर्टातला. हा कुठल्या अँगलने पेशंट, असं त्याने विचारलं. मंगेश खालच्या आवाजात मला म्हणाला, “ताई, फार वेळ नाही माझ्याकडे.”

मी उतरून बायकांमध्ये घुसले. पहिल्याच रांगेत नलूकाकी बसली होती. घोषणा देऊन आवाज बसलेला. तिने मला बघितलं, जीप बघितली, आणि तिला सगळा उलगडा झाला. ती उठली आणि नेत्यापाशी गेली. तिचं नेमकं काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. पण पुढच्या क्षणी बायका भराभर बाजूला झाल्या, आणि जीप नुसती सुटलीच नाही तर डहाणूपर्यंतच्या वाटेवर जिथे ओळखीची घरं होती तिथे तिथे फोन गेले. दर थोड्या अंतरावर कोणीतरी दारात उभं राहून आम्हाला हात करत होतं, संडास रिकामा आहे, या! मंगेशने त्यातल्या तीन घरांचा पाहुणचार घेतला. तिसऱ्या घरात त्याला चहाही विचारला.

दुर्बिणीत काही निघालं नाही. आतडं स्वच्छ होतं. आम्ही तिघांनी दवाखान्याच्या जिन्यात बसून वडापाव खाल्ला. मंगेश मात्र कपडे घालून आला तो हात जोडूनच. म्हणाला, “सगळ्या तालुक्याला माझं पोट कळलं. आता जेव्हा नक्की सांगता येईल, तेव्हाच बोलवा.”

मॅडमनी समजावलं की एकदा स्वच्छ निघालं म्हणजे कायमचं नाही, पुढच्या वर्षी पुन्हा यावं लागेल. तो पुढच्या वर्षी आला नाही. त्याच्या पुढच्याही आला नाही.

* * *

आता आमच्या कामातली सगळ्यात वाईट गोष्ट सांगते. ‘सांगता येत नाही’ हा शेरा बदलून ‘घातक’ करायचा तर पुरावा लागतो. पुरावा म्हणजे काय? त्याच घरात, तोच बदल असलेलं आणखी कोणीतरी आजारी पडणं. म्हणजे मी रोज सकाळी कॉम्प्युटर उघडून ज्या बातमीची वाट बघायची, ती येऊ नये म्हणून घरी देव पाण्यात घालून बसायचं. एकदा मी मॅडमना म्हटलं, आपण वाट बघतोय ती कोणाची? त्या म्हणाल्या, “कोणाचीच नाही. वाट बघायची नाही. नुसतं विचारत राहायचं.” आणि स्वतः दर सोमवारी वरोरला फोन करून काकीला, सगळे बरे आहेत ना, असं विचारायच्या. काकी बिचारी खूश व्हायची की डॉक्टरीणबाई किती माया लावतात. त्या फोन ठेवून पाच मिनिटं खिडकीपाशी उभ्या राहायच्या.

त्यातच मंगेशचं लग्न ठरायला लागलं. मुलीचे एक काका पोटदुखीचा पेशंट म्हणून आमच्या खोलीत आले. मी त्यांची वंशवेल काढली. चार पिढ्यांत एक पोट दुखलेलं नव्हतं. मग ते हळूच म्हणाले, आता वरोरच्या त्या घराचं काय आहे ते जरा दाखवता का? मी सांगितलं की कोणाचीच माहिती आम्ही देत नाही. त्यांनी मला नीट निरखून बघितलं. तुम्हाला सांगता येत नाही की सांगायचं नाही, ते तरी कळू दे, असं त्यांचं म्हणणं.

“दोन्ही,” मी म्हणाले. त्या घराबद्दल मी इतकं खरं कधीच बोलले नव्हते.

लग्न मोडणार म्हणून मी धास्तावले होते. पण मंगेशने पहिल्याच भेटीत त्या मुलीला, प्राजक्ताला, सगळं स्वतःहून सांगून टाकलं होतं. अगदी रास्ता रोकोसकट. ती हसून हसून बेजार झाली म्हणे, आणि मग तिने होकार दिला.

* * *

लग्नाला आम्ही तिघंही गेलो. मांडव वाडीतच होता. मंगलाष्टकांची वेळ झाली, अंतरपाट धरला, आणि नवरदेवामागे मामा म्हणून एक अगदी कोवळा मुलगा उभा राहिला. शेजारच्या बाईंना मी सहज विचारलं, मामा एवढा लहान? तो मामेभाऊ, त्या म्हणाल्या, मामा झोपून आहेत ना बोरीगावला. वलसाडला ऑपरेशन झालं त्यांचं. आतडं काढलं.

माझ्या हातातल्या अक्षता हातातच राहिल्या. मॅडम दोन रांगा पुढे होत्या. शुभमंगल चाललं होतं, लोक टाळ्या वाजवत होते, आणि मी खुर्च्यांमधून वाट काढत त्यांच्यापर्यंत पोचले आणि कानात सांगितलं. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. त्यांच्या हातातल्याही अक्षता टाकायच्या राहून गेल्या.

बोरीगाव, तलासरी तालुका. काकीचं माहेर. जे सगळे धडधाकट होते!

सत्यनारायण होईपर्यंत आम्ही कसाबसा दम धरला. मग काकीला विचारलं, का नाही सांगितलंत? तिला आमच्या प्रश्नाचंच नवल वाटलं. “सासरी बसून माहेरची दुखणी सांगतात का कोणी?” ती म्हणाली. सासू होती तेव्हा माहेरचं कोणी शिंकलं तरी ऐकून घ्यावं लागायचं, असलीच पोरगी आणली म्हणून. सासू जाऊन जमाना झाला, पण जिभेला वळण पडलं ते पडलं. धाकटी बहीण पोटानेच गेली होती. तेही तिने त्या दिवशी पहिल्यांदाच सांगितलं, स्वयंपाकघरात, दार लोटून घेऊन.

आम्ही इतकी वर्षं अर्धीच वंशवेल काढत होतो. ज्या बाजूला काही नव्हतं, ती अर्धी.

* * *

बोरीगावला मामांनी कागदांची पिशवी पुढे ठेवली. सगळे गुजरातीत. मला गुजराती बोलता येतं, वाचता येत नाही. मॅडमना दोन्ही येत नाही. हरिश्चंद्र हद्दीपलीकडच्या, गुजरातच्या बाजाराला जाऊन जाऊन दुकानांच्या पाट्या वाचायला शिकलेला. त्याने एक एक अक्षर लावत रिपोर्ट वाचला आणि ‘मोटुं आंतरडुं’ या शब्दांपाशी थांबला. पुढचं त्याने वाचलं नाही. मामा खाटेवरून म्हणाले, “वाच ना रे. मला माहीत आहे ते.”

मामांचं रक्त घेतलं. मावशीच्या, म्हणजे काकीच्या गेलेल्या धाकट्या बहिणीच्या, ऑपरेशनचा जुना नमुनाही वलसाडच्याच लॅबमधून मिळाला. आणि या वेळी काकीला आम्ही ‘बाहेरून आलेली’ म्हणू दिलं नाही. हरिश्चंद्रने तिचंही रक्त घेतलं.

तिघांतही तोच बदल निघाला. मुंबईच्या कमिटीने मीटिंग घेतली आणि आमच्या यादीतल्या त्या ओळीपुढचा शेरा बदलला. ‘घातक’. मी स्वतःच्या हाताने तो टाइप केला. इतकी वर्षं त्या शब्दासाठी धडपडत होतो आणि एंटर दाबताना बोट पुढे जाईना.

मॅडमनी मंगेशला फोन केला. आता सांगता येतं, एवढंच म्हणाल्या. एका वाक्यात. तो त्याच आठवड्यात आला, प्राजक्ताला घेऊन. औषध दवाखान्यातच घेतलं. या वेळी दुर्बिणीत एक गाठ दिसली, लहान, आणि डॉक्टरांनी ती तिथल्या तिथे काढली. तपासणीत कळलं की ती अजून कॅन्सर झालेली नव्हती, पण त्याच वाटेवर होती. हरिश्चंद्र जिन्यात बसून लहान मुलासारखा रडला. मी आणि मॅडमनी ते न बघितल्यासारखं केलं, कारण आमचंही काही वेगळं चाललेलं नव्हतं.

* * *

आता एकच काम उरलं होतं. नलूकाकीला सांगायचं की हे तिच्याकडून आलंय.

मॅडम त्याला फार घाबरल्या होत्या. ही बाई वर्षानुवर्षं ‘या घराचं पोटच वाईट’ म्हणत आली होती. थोरला मुलगा गेलेला, धाकटा थोडक्यात वाचलेला. तिने मनाला लावून घेतलं, मीच माझ्या पोराला गिळलं असं म्हणाली, तर काय करायचं? मॅडमनी वाक्यं कागदावर लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. सांगायचंच नाही, असंही एकदा ठरवलं. पण कागदावर सगळं आलं होतं आणि काकी ते बघायला मागणार, हे आम्हाला पक्कं माहीत होतं.

वरोरला पोचलो तेव्हा ओट्यावर काकी, मंगेश आणि प्राजक्ता. आत भिंतीवर काकीच्या यजमानांचा फोटो, चंदनाचा हार घातलेला. प्राजक्ताने पाणी आणलं. मॅडमनी पेला हातात घेतला आणि पाठ केलेलं पहिलंच वाक्य विसरल्या. मग त्यांनी सरळ नवीन वंशवेलीचा कागद काकीपुढे ठेवला. या वेळी त्यात दोन्ही बाजू होत्या.

काकीने विलासचा चौकोन शोधला. दार होतं. मंगेशच्या चौकोनात मधोमध ठिपका होता, दार नव्हतं. ते तिने बोटाने चाचपून खात्री करून घेतली. मग बोट वर सरकलं आणि एका गोलावर थांबलं.

“ही मी?”

“हो काकी.”

“आणि याच्या मधे हे?”

मॅडमनी सांगितलं. बदल तुमच्यात आहे, तुम्हाला आजार झाला नाही, मुलांकडे तो तुमच्याकडून गेला, यात तुमचा काही दोष नाही. शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. मंगेश आईकडे बघत होता.

काकी कागद डोळ्यांजवळ धरून त्या गोलाकडे आणि त्यातल्या ठिपक्याकडे बघत राहिली. मग तिचा हात नकळत स्वतःच्या मोकळ्या कपाळाकडे गेला. तिने मान वळवून आतल्या फोटोकडे बघितलं.

“यांच्या घराला जन्मभर नावं ठेवली मी,” ती म्हणाली, “आणि यांच्याच ओट्यावर बसून आज मला कुंकू लागलं.”